मामाची मुलगी, आत्याचा मुलगा आणि बाळाचे आरोग्य : नात्यातल्या लग्नांबद्दल आता बोलायलाच हवे

ऊसतोडीचा हंगाम संपून टोळ्या गावाकडे परतल्या की बीड जिल्ह्यात लग्नांची घाई सुरू होते. अशाच दिवसांत केज तालुक्यातल्या एका वस्तीवर आम्ही घरोघरी माहिती घेत होतो. एका घरात दोन मुले होती, मोठा सात वर्षांचा आणि धाकटी चार वर्षांची. दोघांनाही जन्मापासून ऐकू येत नाही, त्यामुळे बोलताही येत नाही. आई पंचविशीच्या आतली. ती म्हणाली, "सगळे म्हणतात माझ्यातच खोट आहे." आजी म्हणाली, "मागच्या जन्माचं काहीतरी असंल." भिंतीवर बाबासाहेबांचा आणि तथागतांचा फोटो होता.

आम्ही विचारले, "तुम्ही दोघे नवरा-बायको आधीपासून नात्यात का?" ती म्हणाली, "हो, माझ्या आत्याचाच मुलगा." दोन मुले झाली, दवाखाने झाले, अंगारे-धुपारेही झाले, पण हा एक साधा प्रश्न त्या घराला आजवर कुणी विचारला नव्हता.

त्या दोन मुलांच्या बहिरेपणाचे नेमके कारण तपासणीशिवाय सांगता येणार नाही आणि आम्हीही ते सांगितले नाही. परंतु रक्ताच्या नात्यातले लग्न आणि मुलांचे काही आजार यांचा संबंध विज्ञानाने स्पष्ट केला आहे. तो आपल्या वस्त्यांत, विहारांत आणि वधू-वर मेळाव्यांत उघडपणे बोलला जात नाही. म्हणून हा लेख.

प्रथा भाषेतच रुजलेली आहे

मराठवाड्यातल्या अनेक घरांत सून सासऱ्याला "मामा" आणि सासूला "आत्या" किंवा "आत्याबाई" म्हणते. नवरा नात्यातला नसला तरी हाक तीच. मुलीने आत्याच्या घरी सून म्हणून जायचे, हा रिवाज किती जुना आहे हे या हाकेतूनच कळते. समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या नातेव्यवस्थेवरील ग्रंथात भारताचे वेगवेगळे पट्टे पाडून दाखवले. उत्तरेकडे जवळच्या नात्यात लग्न निषिद्ध, दक्षिणेकडे ते पसंतीचे आणि महाराष्ट्र या दोन्हींच्या मध्ये. मामाच्या मुलीशी लग्न इथल्या अनेक जातींत चालते, किंबहुना तो भाच्याचा हक्कच मानला जातो. मराठवाडा तर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. तेलंगणा आणि कन्नड मुलखाशी त्याची रोजची ये-जा होती. त्या बाजूला मामा-भाचीचे लग्नही चालते आणि आपल्याकडेही काही समाजांत ते आढळते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशात साधारण ११ टक्के लग्ने रक्ताच्या नात्यात होतात. तमिळनाडू आणि कर्नाटकात हे प्रमाण चौथ्या हिश्श्याहून जास्त आहे. तेव्हा हा प्रश्न एका धर्माचा किंवा एका जातीचा नाही. "हे तर त्यांच्यात चालतं" असे मुस्लिम समाजाकडे बोट दाखवून बोलणाऱ्यांनी आधी आपल्या घरातल्या चार पिढ्यांची लग्ने मोजावीत.

बीडमध्ये ही लग्ने का टिकून आहेत?

लोक अडाणी आहेत म्हणून ही लग्ने होतात, असे म्हणणे सोपे आहे आणि चुकीचेही आहे. त्यामागे रोजच्या जगण्याचा हिशेब आहे.

पहिले कारण ऊसतोड. कारखान्याच्या पट्ट्यात मजुरी जोडीला मिळते. नवरा-बायको मिळून एक "कोयता" धरला जातो आणि मुकादम उचल देतो ती जोडीवर. दिवाळीच्या आसपास आई-बाप सहा महिन्यांसाठी निघून जातात, तेव्हा वयात आलेली मुलगी गावात एकटी कुणाच्या भरवशावर ठेवायची हा प्रश्न उभा राहतो. मग तिचे लग्न उरकले जाते. घाईच्या लग्नात स्थळ शोधायला वेळ नसतो. सर्वांत जवळचे, ओळखीचे आणि "नाही" न म्हणणारे स्थळ म्हणजे आत्याचे घर किंवा मामाचे घर. याच सर्वेक्षणानुसार बीड जिल्ह्यात २० ते २४ वयोगटातल्या दर १०० स्त्रियांपैकी ४३ हून अधिक जणींचे लग्न अठराव्या वर्षाआधी झाले होते. बालविवाह आणि नात्यातला विवाह हे अनेकदा एकाच मांडवात होतात.

दुसरे कारण हुंडा आणि खर्च. घरातल्या घरात सोयरीक केली की मागणी कमी होते आणि मानपानावरून रुसवे-फुगवे झाले तरी ते मिटतात. तिसरे कारण जमिनीचा तुकडा. तो "बाहेर जाऊ नये" असे वाटते. चौथे कारण बापाच्या काळजीतून येते. "परक्या घरात मुलीला जाळतील, मारतील. माझी बहीण तरी सांभाळील."

या चौथ्या कारणाबद्दल आमचा अनुभव वेगळा आहे. नात्यात दिलेल्या मुलीला त्रास झाला तर तिला माहेरी परत येणे अधिक कठीण जाते, कारण तिने तोंड उघडले की बापाचे आणि आत्याचे नाते तुटते. पोलिसात जायचे तर आरोपी सख्खी आत्या असते. ज्या नात्याच्या भरवशावर तिला दिलेले असते, तेच नाते तिला गप्प बसवते. आणि मूल आजारी निघाले तर दोष पुन्हा तिचाच.

विज्ञान काय सांगते?

आपल्या शरीराच्या घडणीच्या सूचना जनुकांमध्ये असतात. प्रत्येक जनुकाच्या साधारणपणे दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. महत्त्वाच्या कागदाच्या दोन प्रती जवळ असल्या की एक फाटली तरी दुसरीवर काम भागते, तसेच इथेही होते. प्रत्येक माणसात अशा काही फाटक्या प्रती असतात. दुसरी प्रत चांगली असल्याने त्याला आयुष्यभर काही होत नाही. अशा माणसाला त्या आजाराचा "वाहक" म्हणतात.

अडचण तेव्हा येते, जेव्हा आई आणि वडील दोघेही एकाच दोषाचे वाहक असतात. अशा जोडप्याच्या प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के, बाळ फक्त वाहक होण्याची ५० टक्के आणि पूर्ण निर्दोष असण्याची २५ टक्के असते. हा हिशेब प्रत्येक बाळंतपणाला नव्याने लागू होतो. "एक आजारी झालं, आता पुढची तीन चांगली होतील" असे घडेलच असे नाही.

परक्या दोघांमध्ये नेमकी तीच फाटकी प्रत असण्याचा योग सहसा कमी असतो. नात्यात मात्र दोघांची प्रत एकाच आजोबांकडून किंवा आजीकडून आलेली असू शकते. समजा, आजोबा एका दोषाचे वाहक आहेत. तो त्यांच्या मुलाकडे जाण्याची शक्यता निम्मी आणि मुलीकडे जाण्याचीही निम्मी. नातू आणि नात यांच्यापर्यंत तो पोहोचण्याची शक्यता प्रत्येकी एक चतुर्थांश. या दोघांचे एकमेकांशी लग्न झाले तर दोघेही वाहक असण्याची शक्यता सोळात एक आणि बाळ आजारी होण्याची चौसष्टात एक. मामा-भाचीच्या लग्नात हीच शक्यता दुप्पट, म्हणजे बत्तीसात एक होते. हा हिशेब एका आजोबांच्या एकाच दोषाचा आहे. आजीचेही दोष असतात आणि प्रत्येकात ते एकाहून अधिक असतात.

सख्ख्या बहीण-भावात सरासरी निम्मी जनुके समान असतात. मामा-भाचीत एक चतुर्थांश आणि मामे-आते भावंडांत एक अष्टमांश.

एकूण धोका किती? कोणत्याही जोडप्याच्या शंभर बाळांमध्ये साधारण दोन ते तीन बाळांत जन्मजात गंभीर दोष आढळतो. पहिल्या पिढीच्या भावंडांच्या लग्नात हे प्रमाण साधारण चार ते सहापर्यंत जाते. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड शहरात हजारो मातांच्या पाहणीवर आधारलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यातही हा धोका सुमारे तीनवरून सहा टक्क्यांवर, म्हणजे दुप्पट झालेला दिसला.

याचा अर्थ नात्यातल्या लग्नातही शंभरातली नव्वदहून अधिक बाळे निरोगी जन्मतात. म्हणूनच "आमच्या आजीचं लग्न तिच्या आत्याच्या मुलाशीच झालं, कुणाला काय झालं?" हा प्रश्न खोटा नसतो, तो फक्त एका घरापुरता खरा असतो. शंभर घरांचा हिशेब एका घरावरून निघत नाही. शिवाय ज्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या नात्यातच लग्ने झाली, तिथे धोका साध्या हिशेबापेक्षा अधिक वाढतो.

या शंकेने चार्ल्स डार्विनलाही ग्रासले होते. त्याने १८३९ साली आपली मामेबहीण एमा वेजवुड हिच्याशी लग्न केले. त्यांना दहा मुले झाली आणि त्यांतली तीन लहानपणीच गेली. इंग्लंडच्या जनगणनेत भावंडांमधल्या लग्नांचा प्रश्न विचारावा अशी खटपट त्याने केली, पण ती मान्य झाली नाही. ज्याने उत्क्रांती समजावली त्यालाही स्वतःच्या घराबद्दल प्रश्न विचारावासा वाटला. आपल्याला विचारायला लाज कशाची?

कोणते आजार, आणि कोणते नाहीत

नात्यातल्या लग्नात ज्यांचा धोका वाढतो असे आजार म्हणजे थॅलेसेमिया, सिकलसेल, जन्मजात बहिरेपणाचे काही प्रकार, हळूहळू दृष्टी घालवणारे डोळ्याच्या पडद्याचे काही आजार, स्नायू दुबळे करणारे काही आजार, शरीरातल्या रासायनिक प्रक्रियेचे जन्मजात बिघाड आणि बौद्धिक अक्षमतेचे काही प्रकार. थॅलेसेमिया मेजर झालेल्या मुलाला आयुष्यभर दर काही आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. रोजंदारीवर जगणाऱ्या घरासाठी तो खर्च आणि ती धावपळ म्हणजे काय, हे रक्तपेढीबाहेर बसलेल्या आईला विचारा.

पण प्रत्येक अपंगत्वाला नाते जबाबदार नसते. डाऊन सिंड्रोम बहुतेक वेळा नात्यामुळे होत नाही, आईच्या वाढत्या वयाबरोबर त्याची शक्यता वाढते. बाळंतपणात बाळाला प्राणवायू कमी पडणे, आईला झालेला जंतुसंसर्ग, अपुऱ्या दिवसांचा जन्म, आईचे कुपोषण ही कारणेही मोठी आहेत. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांपर्यंत उसाच्या मोळ्या उचलणाऱ्या बाईच्या बाबतीत तर ती आधी तपासायला हवीत.

वस्तीवर नेहमी भेटणारे चार गैरसमज

"आडनाव वेगळं, म्हणजे रक्त वेगळं." आडनाव आणि कूळ बापाकडून चालते, जनुके मात्र आई-बाप दोघांकडून येतात. मामाचे आडनाव वेगळे असले तरी मामा आणि आई एकाच आई-बापाची लेकरे आहेत.

"चुलत आणि मावस भावंडं म्हणजे सख्खी, पण मामे-आते चालतं." हा फरक समाजाने केला आहे. शरीराच्या दृष्टीने चुलत, मावस, मामे आणि आते ही चारही नाती सारख्याच अंतरावर आहेत. चुलत बहिणीशी लग्नाचा विचारही आपल्याला नकोसा वाटतो. मामेबहीण जनुकांच्या हिशेबात तेवढीच जवळची आहे.

"नवरा-बायकोचा रक्तगट एकच असला की मूल अपंग होतं." हे चूक आहे. रक्तगट सारखा असणे हा दोष नाही. काळजी घ्यायची ती आई आरएच निगेटिव्ह आणि बाळ आरएच पॉझिटिव्ह असताना. त्यासाठी अँटी-डी इंजेक्शन असते. रक्तगट वेगळे निघाले म्हणून नात्यातले लग्न सुरक्षितही होत नाही.

"दोष बाईतच असतो." वर सांगितलेल्या आजारांत दोन्ही प्रती लागतात, एक आईची आणि एक बापाची. निम्मा वाटा नवऱ्याचा असताना पूर्ण दोष बायकोच्या माथी मारून दुसरे लग्न करणे हा अन्याय आहे आणि अज्ञानही.

कायदा काय म्हणतो?

हिंदू विवाह कायदा, १९५५ हा कलम २ नुसार बौद्धांनाही लागू आहे. त्यात निषिद्ध नात्यांची यादी दिली आहे. काका-पुतणी, मामा-भाची, दोन भावांची मुले, दोन बहिणींची मुले आणि भाऊ-बहिणीची मुले, म्हणजेच मामे-आते भावंडे, ही सारी त्या यादीत येतात. कलम ५ नुसार अशी लग्ने चालत नाहीत, कलम ११ नुसार ती रद्दबातल ठरू शकतात आणि कलम १८ मध्ये एक महिन्यापर्यंत साधी कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगितले आहे. सवलत एकच आहे. रूढी किंवा प्रथेने परवानगी असेल तर असे लग्न वैध धरले जाते. ती प्रथा दीर्घकाळ, सातत्याने पाळलेली आणि गैरवाजवी नसलेली असावी लागते. विशेष विवाह कायदा, १९५४ मध्येही निषिद्ध नात्यांची यादी आणि प्रथेची सवलत आहे.

म्हणजे ही लग्ने कायद्यात टिकतात ती केवळ रूढीच्या आधारावर. आता बौद्ध समाजाने स्वतःला विचारावे, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात आपण रूढी सोडल्या की ही एक रूढी सोयीची म्हणून सोबत आणली?

धम्म, बाबासाहेब आणि आपला बंदिस्त पदर

विहारात हा विषय काढला की एखादा अभ्यासू ज्येष्ठ म्हणतो, "पण यशोधरा तर सिद्धार्थाच्या नात्यातलीच होती ना?" पाली परंपरेतल्या काही ग्रंथांत ती त्याच्या आत्याची मुलगी असल्याचे येते, हे खरे आहे. बाबासाहेबांनी आपल्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात ती दंडपाणी नावाच्या शाक्याची कन्या असल्याचे सांगितले आहे. पण मुद्दा तो नाहीच. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या शाक्य-कोलियांच्या सोयरिकीची नक्कल करण्यासाठी आपण बौद्ध झालो नाही. केसपुत्तच्या कालामांना तथागतांनी जे सांगितले त्याचा आशयच हा आहे की, परंपरेने चालत आले म्हणून काही स्वीकारू नका, ते हिताचे आहे की अहिताचे हे स्वतः पारखा. या कसोटीवर ही प्रथा पारखली पाहिजे.

बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात जातीवरचा आपला निबंध वाचला. जातीच्या आत लग्न करण्याचे बंधन हाच जातीचा कणा आहे, हे त्यांनी त्यात दाखवून दिले. पुढे हिंदू कोड बिलासाठी झगडताना १९५१ साली त्यांनी मंत्रिपद सोडले. आणि आपण? अजूनही "सोमवंशी आहे का लाडवण?" असे विचारतो. वधू-वर परिचय मेळाव्याच्या फॉर्मवर पोटजातीचा रकाना असतो. पोटजात, मग तालुका, मग पाव्हण्यारावळ्यांचा पदर, असे वर्तुळ लहान होत जाते आणि शेवटी उरते ते मामाचे घर. वर्तुळ लहान ठेवायचे आणि नात्यातले लग्नही टाळायचे, हे एकत्र जमत नाही.

विदर्भातल्या आपल्या समाजाचा सिकलसेलचा अनुभव इथे लक्षात घेण्यासारखा आहे. एखाद्या समाजात दोषी जनुकाचे वाहक जास्त असतील तर नात्याबाहेर, पण समाजातच लग्न करूनही दोन वाहक एकत्र येऊ शकतात. म्हणून नाते टाळणे ही पहिली पायरी झाली. लग्नाआधी तपासणी ही दुसरी आणि आंतरजातीय विवाह ही तिसरी. बाबासाहेबांनी १९३६ साली जातिनिर्मूलनासाठी आंतरजातीय विवाहाचा आग्रह धरला होता. आज आरोग्याचे विज्ञानही आपल्याला त्याच दिशेला नेते.

इथे एक सावधगिरी हवी. आपले काम अपंग मूल "नको" म्हणण्याचे नाही. जन्मलेले प्रत्येक मूल पूर्ण माणूस आहे, त्याला पूर्ण हक्क आहेत. करुणा आधी, प्रबोधन नंतर. आणि "मागच्या जन्माचं पाप" ही भाषा तर बौद्ध घरात असताच कामा नये. पूर्वजन्मीच्या कर्माने या जन्मीचे दुःख ठरते, हा विचार बाबासाहेबांनी ठामपणे नाकारला आहे.

ज्यांची लग्ने झाली आहेत त्यांनी काय करावे?

घाबरू नये, घर मोडू नये. दोन्ही बाजूंच्या तीन पिढ्यांचा वंशवृक्ष कागदावर काढावा. कोण लहानपणी गेले, कुणाला ऐकू येत नव्हते, कुणाला वारंवार रक्त द्यावे लागले, हे लिहावे. गरोदरपणाआधी दोघांनीही थॅलेसेमिया आणि सिकलसेलसाठी रक्ततपासणी करून घ्यावी. फॉलिक अॅसिड डॉक्टरांच्या सल्ल्याने गर्भ राहण्याआधीच सुरू करावे. पाचव्या महिन्याच्या आसपासची, बाळातले दोष पाहणारी सोनोग्राफी चुकवू नये. नोंदणी करतानाच आशाताईंना आणि डॉक्टरांना "आमचं लग्न नात्यातलं आहे" हे सांगावे.

आपल्या जिल्ह्यात हेही सांगावे लागते की, दोष शोधणारी तपासणी म्हणजे लिंगतपासणी नव्हे. २०११ च्या जनगणनेत बीडमध्ये शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे केवळ ८०७ मुली होत्या. तपासणीच्या नावाखाली कुणी मुलगा-मुलगी सांगत असेल तर तो गुन्हा आहे.

बाळ झाल्यावर त्याला ऐकू येते का, ते पाहते का, मान वेळेवर धरते का, याकडे लक्ष द्यावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि पुढचे उपचार मोफत मिळतात. अंगणवाडीत आणि शाळेत येणाऱ्या पथकाला मूल दाखवा, जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकारचे अपंगत्व धरले आहे आणि त्यात थॅलेसेमिया व सिकलसेलही आहेत. प्रमाणपत्र काढून घ्या.

कार्यकर्त्यांसाठी चार कामे

सायप्रस हा छोटा देश. तिथे थॅलेसेमिया फार होता. तिथल्या चर्चने लग्नाआधी तपासणीचे प्रमाणपत्र मागायला सुरुवात केली. प्रमाणपत्रावर निकाल लिहिलेला नसतो, फक्त दोघांची तपासणी झाली आणि दोघांना सल्ला मिळाला एवढेच असते. निर्णय दोघांचाच. तिथे थॅलेसेमियाची नवी बाळे जवळजवळ जन्मेनाशी झाली. धर्मसंस्थेने ठरवले तर काय होऊ शकते, याचे हे उदाहरण आहे.

आपल्याकडे भंतेजी आहेत, बौद्धाचार्य आहेत, गावोगाव विहार आहेत. म्हणून आमच्या सूचना अशा :

एक, मंगलपरिणय लावण्याआधी बौद्धाचार्यांनी तीन गोष्टी विचाराव्यात. दोघांचे वय, दोघांचे नाते आणि तपासणी झाली का. मुलगी अठराच्या आत असेल तर विधी करू नये आणि १०९८ वर कळवावे.

दोन, वधू-वर मेळाव्याच्या फॉर्मवरून पोटजातीचा रकाना काढावा आणि तिथे "थॅलेसेमिया-सिकलसेल तपासणी : झाली / नाही" असा रकाना घालावा. निकाल मात्र लिहू नये, तो त्या दोघांचा खासगी विषय आहे.

तीन, वर्षावासात एक दिवस या विषयासाठी ठेवावा. आशाताई, परिचारिका, जीवशास्त्राचे शिक्षक यांना बोलवावे. फळ्यावर वंशवृक्ष काढून दाखवला की लोकांना पटकन समजते, हा आमचा अनुभव आहे.

चार, ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलींसाठी हंगामी वसतिगृहाची मागणी लावून धरावी. मुलगी सुरक्षित राहून शिकत राहिली तर तिला घाईने आत्याच्या घरी लोटण्याचे कारणच उरत नाही. याशिवाय केलेले प्रबोधन अर्धेच राहील.

केजच्या त्या घरी आम्ही पुन्हा गेलो. मुलांच्या कानांची तपासणी आता सुरू झाली आहे. तिच्या दिराचे लग्न ठरत होते, पुन्हा मामाच्याच मुलीशी. तिने सगळ्यांसमोर सासूला विचारले, "आत्याबाई, तपासणी केल्याशिवाय कसं ठरवायचं?" घर थोडा वेळ गप्प झाले. पण तारीख पुढे ढकलली गेली. एका बाईने एक प्रश्न विचारला म्हणून एवढे झाले. आपण सगळ्यांनी विचारायला सुरुवात करू.

जयभीम. नमो बुद्धाय.